व्हॉल्व्ह लावावा

चाकणच्या कंपनीत मी ज्या टेबलामागे एकतीस वर्षं बसले, तिथं नोकरी मागायला येणारी माणसं तीन गोष्टी आवाज खाली आणून सांगत. आधीची कंपनी का सोडली, अंगावर काही केस आहे का, आणि बी.ए. झालंय. पहिल्या दोन गोष्टी आम्हाला विचाराव्या लागत. तिसरी माणूस आपणहून कबूल करायचा, पुढे कुणी फसवलं म्हणायला नको म्हणून.

मी स्वतः बी.ए. मराठी. माझे वडील दापोडीला वर्कशॉपात फिटर होते. मी आर्ट्सला जाते म्हटल्यावर ते म्हणाले होते, जा, लग्नपत्रिकेवर बरं दिसेल. पत्रिकेवर ते छापलंही गेलं. पण नोकरी मला लागली ती टायपिंगमुळे, आणि पुढे बढती मिळाली ती कामगार कायद्याच्या डिप्लोम्यामुळे. बी.ए. आपलं घरात पडून होतं, रुखवतातल्या काचेच्या सेटसारखं.

आमच्या खात्याचं नाव आधी टाइम ऑफिस होतं, मग पर्सोनेल झालं, मग एचआर. काम तेच राहिलं. माणसं भरायची, हजेरी बघायची, कँटीनच्या रश्श्याबद्दलची गाऱ्हाणी ऐकायची. कुणाचं काही चुकलं की त्याला आरोपपत्र द्यायचं, म्हणजे तुझ्यावर अमुक ठपका आहे असं लेखी कळवायचं. त्यानं तीन दिवसांत खुलासा द्यायचा. खुलासा पटला नाही तर चौकशी, आणि चौकशीतून नोकरी जाऊ शकते. हे सगळं व्यवस्थित पार पडलं तर अठ्ठावन्नाव्या वर्षी शाल आणि श्रीफळ. तेही आम्हीच आणायचं.

यात माझ्या पदवीचा उपयोग एवढाच, की दसऱ्याचं आमंत्रण, शोकसंदेश आणि निरोपाची भाषणं माझ्या गळ्यात पडत. ‘मॅडम, तुम्ही बी.ए. ना, चार ओळी खरडा की’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की माझ्या स्वतःच्या निरोपाचं भाषणही मीच लिहून दिलं. छान झालं, लोकांचे डोळे भरून आले.

बी.ए.ची बाजारातली किंमत मला माझ्या टेबलावरून रोज दिसायची. एकदा कंत्राटावरच्या एका हेल्परचा रजेचा अर्ज आला. नोंदीत शिक्षण दहावी. अर्जात मात्र अर्धविराम होता, आणि तो अगदी जिथं हवा तिथं होता. मी त्याला बोलावलं आणि दार लोटून घेतलं. तो आवाज खाली आणून म्हणाला, एम.ए. आहे, इतिहास. पदवीवाला म्हटलं की ठेकेदार उभा करत नाही, हा टिकणार नाही, वर कायदा शिकवील म्हणतो. म्हणून दहावीच सांगितली. मी कुणाला बोलले नाही. फक्त म्हणाले, पुढच्या अर्जात अर्धविराम घालू नका. त्यानं ऐकलं. तेव्हा मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं होतं. आता लाज वाटते. इतिहास शिकलेल्या माणसाला मी लपायला शिकवलं.

दुसरं टोक म्हणजे आमच्या बसेसचे ठेकेदार बबनशेठ. मारुंजीचे जुने शेतकरी. जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या, शेठ बसेसमध्ये उतरले. एक दिवस बिल घेऊन आले आणि खुर्ची ओढून बसले. थोरल्याला त्यांनी एका मोठ्या खासगी विद्यापीठात घातलं होतं आणि वर्षाची फी ऐकून मला ठसका लागला.

“मॅडम, त्यो लिबरल आर्ट्स करतोय,” शेठ म्हणाले. “म्हंजी नेमकं काय करतोय, वो? समद्यांना अभिमानानं सांगून बसलो, आन् आता कुनी इचारलं तर मला सांगता येईना.”

मी विषय विचारले. इतिहास, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, थोडं नाटक. म्हटलं, शेठ, बी.ए. करतोय तो. शेठनी हातातलं बिल टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, बी.ए. तर आमची धाकटी भावजय झाली पिंपरीत, तिला तर एस.टी.च्या पासाएवढापन खर्च आला न्हाई. मग ही एवढी फी कशाची? मी म्हटलं, इमारतीची असेल. शेठना ते लगेच पटलं. इमारतीतला पैसा त्यांना कळत होता.

पण मी सांगायला बसले आहे ते बालाजीचं आणि त्याच्या शीतलचं.

बालाजी लातूरकडचा. वीस वर्षं आमच्याकडे ऑपरेटर. इंजिनाचे लहान लहान भाग आम्ही करायचो, त्यांच्या कापणीच्या लाइनवर तो होता. दापोडीच्या एका गल्लीत दोन खोल्या भाड्याच्या. गडी अबोल, कामाला वाघ. एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो डबा तसाच हातात धरून माझ्या टेबलाशी आला.

“मॅडम, पोरगी आयकनाच झालीय,” तो म्हणाला. “बारावी सायन्सला चांगले मार्क होते. बी.ए.ला गेली. एक वर्ष झालं. मी मनलो, आता तरी डिप्लोमा कर. नाहीच मनायलीय. तुमीच सांगा, बी.ए. करून काय होतंय?”

असा प्रश्न बी.ए. झालेल्या बाईला विचारायचा म्हणजे टक्कल पडलेल्याला केसाच्या तेलाचं विचारण्यासारखं. मी खरं तेच सांगितलं. कॉलेज अनुदानाचं होतं, त्यामुळे फीचा प्रश्न नव्हता. प्रश्न वर्षांचा होता. अजून दोन वर्षं ती घरी काही आणणार नाही आणि त्यानंतर माझ्यासारखीच्या टेबलापुढे येऊन आवाज खाली आणील. त्यापेक्षा आमच्या तपासणी विभागात ट्रेनी मुलींची भरती निघतेय. विद्यावेतन, जेवण, बस. चांगलं काम केलं तर दोन वर्षांनी डिप्लोमा कंपनीच्या खर्चानं. मी तिच्यासाठी एक जागा धरून ठेवते म्हटलं. बालाजीनं हात जोडले. मला फार बरं वाटलं, कुणाच्या घराचं भलं केल्यावर वाटतं तसं.

दोन दिवसांनी तो शीतलला घेऊन आला. बारीक अंगाची, तेल लावून घट्ट वेणी, मांडीवर एक वही. मी तिला सगळा हिशेब समजावला. तिनं शांतपणे ऐकून घेतला. मग मी विचारलं, बी.ए.ला असं काय आहे? तिनं वही पुढे केली. त्यांच्या गल्लीत लातूर, बीड, चिपळूण, खेड, सगळीकडची बिऱ्हाडं. कोण कशाला काय म्हणतं ते ती लिहून ठेवत होती. कॉलेजातल्या बाईंनी पहिल्या वर्षी दिलेलं काम होतं म्हणे, वर्ष संपलं तरी हिचं चालूच. मी चार पानं उलटली. गंमत वाटली. म्हटलं, बाळ, हे रविवारी पण करता येईल.

तिनं वही परत घेतली आणि म्हणाली, “मॅडम, रविवारी लिहिता येईल. पण लिहिलेल्याचं काय करायचं, ते कोण शिकवणार?”

मी चहा मागवला. बालाजीनं तिला महिनाअखेरपर्यंत विचार करायला सांगितलं. कॉलेजात दुसऱ्या वर्षाचा प्रवेशही तेव्हाच संपणार होता. पोरगी ट्रेनी होणार हे मी धरूनच चालले होते. नेमणूकपत्र टाइप करून ठेवलं.

त्याच महिन्यात पाण्याचं प्रकरण झालं.

तयार भाग डब्यात भरण्याआधी धुवावे लागतात. त्यासाठी एक मोठी टाकी आणि तिच्यात पाणी सोडणारा एक व्हॉल्व्ह. पाळी सुटली की तो बंद करायचा. तशी इंग्रजी पाटी तिथं कित्येक वर्षं होती. मग तपासणीला आलेल्या एका ग्राहकानं शेरा मारला की सूचना कामगारांच्या भाषेत हव्यात. प्लँटच्या साहेबांनी चाळीस पाट्यांची यादी माझ्याकडे पाठवली. वर चिठ्ठी, ‘तुम्ही बी.ए. मराठी आहात.’

इतक्या वर्षांत पहिल्यांदा कंपनीनं माझ्या पदवीला काम दिलं होतं. मी पदर खोचला. आठवडाभर घरी सांगवीला शब्दकोश घेऊन बसले. आमचे सर वर्गात सांगायचे, मराठी शब्द असताना परका वापरू नये. ‘बंद’ हा तर फारसी. शिवाय आमच्या पट्ट्यात ‘बंद’ म्हणजे संप, तो शब्द भिंतीवर कुठल्या मॅनेजरला आवडेल? दार आपण लावतो, खिडकी लावतो. मग मी सुबक अक्षरांत मजकूर दिला: ‘पाळी सुटल्यावर व्हॉल्व्ह लावावा.’ साहेबांनी सही केली, पाटी रंगवून लागली. येता-जाता मी ती मान तिरपी करून वाचत असे.

रोज धुणाऱ्या माणसांनी ती पाटी कधी वाचली नाही. त्यांचा हातच सवयीनं फिरायचा. पण एका बुधवारी धुण्यावरचा माणूस आजारी पडला आणि बालाजीला तिथं उभं केलं. नव्या जागी माणूस पाटी वाचतो. बालाजीनं वाचली, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवला आणि घरी गेला. गुरुवार म्हणजे आमची साप्ताहिक सुट्टी. शुक्रवारी सकाळी दार उघडलं तर आत तळं. परदेशी जायच्या मालाचे पुठ्ठ्याचे खोके भिजून मऊ पडले होते आणि आतल्या भागांना गंज धरायला सुरुवात झाली होती.

साहेब भयंकर संतापले. हा निष्काळजीपणा नाही, मुद्दाम केलेलं आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. आरोपपत्र मी टाइप केलं. बालाजीनं ते घेतलं, दोनदा वाचलं आणि मला म्हणाला, मॅडम, मी पाटीवर लिवल्यापरमानं केलंय. मी म्हणाले, पाटीवर स्पष्ट लिहिलंय. त्यानं आरोपपत्र खिशात घातलं आणि तो गेला. नोकरी गेली तर त्याच्या घरात बी.ए. आणि डिप्लोमा या वादाला अर्थच राहणार नव्हता, मुलीला जे मिळेल ते काम धरावं लागणार होतं. हे मला दिसत होतं. मनातल्या मनात मी म्हटलं, नशीब, आपण तिच्यासाठी जागा धरून ठेवलीय.

तिसऱ्या दिवशी खुलासा आला. शीतलच्या वहीची तीन पानं, तिचंच सुवाच्य अक्षर. असे खुलासे मी शेकड्यांनी वाचलेत. बहुतेकांत आजी वारलेली असते. यात आजी नव्हती. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की अर्जदारानं पाटीवरची सूचना तंतोतंत पाळली. पुढे: ‘लावणे’ या क्रियापदाचे घरात रोज दोन उलट अर्थ होतात. दार लावणे म्हणजे बंद करणे. पंखा लावणे, दिवा लावणे, पाण्याची मोटर लावणे म्हणजे सुरू करणे. अर्जदार गावी मोटर लावत आला आहे, म्हणून पाण्याचा व्हॉल्व्ह लावणे म्हणजे पुढच्या पाळीसाठी पाणी सुरू करणे असे त्याने समजले. त्याच्या नेहमीच्या लाइनवर टाकी भरली की पाणी आपोआप थांबते, इथेही तसेच असेल असे त्याला वाटले.

त्याखाली गल्लीची साक्ष. ‘व्हॉल्व्ह लावा म्हटलं तर काय कराल?’ असं अकरा घरांत विचारलं होतं, नावानिशी, गावानिशी. पाच जण म्हणाले, बंद करू. पाच जण म्हणाले, सुरू करू. अकरावा नळजोडणी करणारा होता. तो म्हणाला, आधी सांगा, कुठल्या पाइपाला लावू?

आणि शेवटी एक वाक्य: ‘सूचना लिहिणाऱ्या व्यक्तीचा हेतू चांगला असावा, परंतु तिने ती कोणाला वाचून दाखवली नसावी.’

ती व्यक्ती कोण, हे शीतलला माहीत नव्हतं. मला आधी राग आला. कालची पोर, मला मराठी शिकवते. मग मी पाटी पुन्हा डोळ्यांसमोर आणली आणि ती मला सुरू करायलाही सांगत होती, बंद करायलाही. मला हसू फुटलं. खुलासा अमान्य, असं दोन शब्दांत लिहून मी मोकळी होऊ शकत होते. खुलाशाचा निकाल माझ्याच शिफारशीवर होता आणि व्याकरणात साहेबांना काही गम्य नव्हतं. ते दोन शब्द लिहायला हात गेला होता, हे मी लपवत नाही.

पानं घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. साहेब म्हणाले, हा शब्दांचा खेळ आहे, कोर्टात चालणार नाही. तेवढ्यात आमचे शिपाई सखाराममामा चहा घेऊन आले. मी म्हटलं, मामा, जाताना पंखा लावा आणि दार लावा. मामांनी पंखा सुरू केला, बाहेर गेले आणि दार बंद केलं. साहेब पंख्याकडे बघत राहिले, मग दाराकडे.

“पाटी कुणी लिहिली होती?” त्यांनी विचारलं.

“मी, साहेब.”

आरोपपत्र मागं घेतलं गेलं. मला मेमो मिळाला. एचआरची प्रमुख मीच, म्हणून तो मीच टाइप केला आणि शुद्धलेखन तपासून माझ्याकडेच पोचता केला. चाळीसच्या चाळीस पाट्या उतरवल्या. त्यातल्या सहा दोन अर्थांच्या निघाल्या.

पण साहेबांच्या डोक्यात ते अकरा घरांचं प्रकरण बसलं होतं. त्यांनी बालाजीला आणि शीतलला बोलावून घेतलं. मला म्हणाले, ते ट्रेनीचं पत्र फाडा, दुसरं करा. कंपनीच्या सगळ्या सूचना, यंत्रांची माहितीपत्रकं, नव्या कामगारांची पुस्तिका, सगळं या मुलीनं लिहायचं. थेट कायम. पगार ट्रेनीच्या तिप्पट, पण रुजू एक तारखेला व्हायचं. बी.ए. अर्धवट राहिलं तरी चालेल, आम्हाला कागद नको, डोकं हवंय, असंही म्हणाले. मी पत्र टाइप करून आणलं. हात हलके चालत होते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला एवढा भाव आलेला मी जन्मात पाहिला नव्हता.

शीतलनं पत्र वाचलं आणि बापाकडे बघितलं. तिची बोटं वहीच्या कडेवरून फिरत होती. ती हो म्हणाली असती. बापावर नुकतंच काय येऊन गेलं होतं ते तिनं पाहिलं होतं. आणि बालाजीनं हो म्हणावं हे तर मीच त्याच्या डोक्यात महिनाभर भरलं होतं. आता ते भरलेलं त्याच्या तोंडून बाहेर पडणार आणि आपल्याला ऐकावं लागणार, या भीतीनं मी खाली बघत बसले.

बालाजीनं मुलीच्या हातातून पत्र घेतलं. टेबलावर ठेवलं. घडी पडू नये म्हणून तळहातानं सारखं केलं.

“साहेब, एक इचारू का?” तो म्हणाला. “हे जे तिनं लिवलं, ज्याच्यानं माझी नोकरी ऱ्हायली, ते एका वर्षाचं शिक्षण हाय. अजून दोन वर्षाचं शिकायचं ऱ्हायलंय.”

साहेब म्हणाले, समजतंय, पण दोन वर्षांनी ही जागा असेल याची खात्री मी देऊ शकत नाही.

“नसू द्या,” बालाजी म्हणाला. “आर्धं शिकून तिनं बापाला वाचीवलं. पुरं शिकून काय करती, ते मला बगायचंय.”

शीतल खाली मान घालून रडायला लागली, आवाज न करता. साहेबांनी चष्मा काढून पुसला. त्या खोलीत बोलायची माझी लायकी नव्हती.

निघताना बालाजी माझ्या टेबलाशी थांबला. शनिवारी अर्धी रजा हवी होती. कारणाच्या रकान्यात काय लिहू म्हणून त्यानं विचारलं. मी म्हटलं, जे आहे ते लिही. त्यानं पेन घेतलं आणि लिहिलं, ‘मुलीची बी.ए.ची फी भरणे.’ मी खाली सही केली.